हलणारं चित्र कुठे थांबवायचं?

पडद्यावर काही हललं की वर्गाची नजर तिकडे जाते. मुलांनी ठरवून दिलेलं ते लक्ष नसतं, डोळ्यांचा तो स्वभावच आहे. स्लाइडवर एखादी गोष्ट हलवण्याआधी शिक्षकाला एवढं एक पक्कं माहीत असायला हवं. या क्षणी मुलांनी जिथे पाहायला हवं तेच हलत असेल तर ॲनिमेशन शिकवतं. दुसरं काही हलत असेल तर ते आपल्या शब्दांच्या आड येतं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. प्रशिक्षणाच्या निमित्ताने इतर शाळांमधले तास पाहायलाही जात असे. खिडकीच्या कडेला, मुलांचे चेहरे दिसतील अशा जागी बसायचं आणि पडदा कमी, मुलं जास्त पाहायची, अशी माझी पद्धत होती. त्यांतला दहावीचा एक तास मला वारंवार आठवतो. पाठ ‘विद्युतधारेचे परिणाम’, भाग विद्युत चलित्राचा, म्हणजे मोटरचा. सर मनापासून शिकवणारे होते, स्लाइड्स कुठूनतरी तयार मिळालेल्या. शीर्षक एकेक अक्षर टकटक आवाज करत आलं. मुद्दे चार दिशांनी उडत आले. मग दोन चुंबकांच्या मध्ये तारेचं कुंतल फिरायला लागलं ते फिरतच राहिलं, आणि परिपथाच्या कोपऱ्यात एक दिवा लुकलुकत होता. सर कुंतलाच्या टोकांना जोडलेल्या कड्याच्या दोन अर्ध्या भागांबद्दल बोलत होते, मुलं दिव्याकडे पाहत होती.

“समजलं?” “हो सर!” उत्तर एकमुखाने आलं, आणि ते खोटंही नव्हतं. मुलांना खरोखरच समजल्यासारखं वाटत होतं. सरांच्या परवानगीने मी त्यांना वहीत एक आकृती काढायला सांगितली: कुंतल उभं झालं त्या क्षणी धारा पोचवणारे ब्रश कशाला टेकलेले असतात? बहुतेकांनी पुस्तकातली आडव्या कुंतलाची आकृतीच पुन्हा काढली. कुंतल फिरतं हे त्यांनी पाहिलं होतं. ते फिरत का राहतं, हे पाहायला त्या चित्राने उसंतच दिली नव्हती.

खरा धोका इथे आहे. सुरळीत सरकणारं चित्र समजल्याचा आनंद देऊन जातं आणि मागे फारसं काही ठेवत नाही. पडद्यावरून गेलेली स्थिती मुलाला मनात धरून ठेवावी लागते, तोवर पुढची आलेली असते, आणि वर शिक्षकाचं बोलणंही ऐकायचं असतं. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2002 साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. तेवढीच माहिती देणाऱ्या स्थिर चित्रांपेक्षा ॲनिमेशन सरस ठरल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. जिथे ते सरस दिसलं, तिथे बहुधा त्यात जास्तीची माहिती होती. रिचर्ड मायर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये वीज कशी पडते, फ्लशची टाकी, समुद्राच्या लाटा आणि गाडीचे ब्रेक असे चार विषय घेतले. काही विद्यार्थ्यांना कागदावरची चित्रं आणि मजकूर दिला, काहींना निवेदनासह ॲनिमेशन दाखवलं. एकाही चाचणीत ॲनिमेशन पाहणारे पुढे नव्हते, आणि काही चाचण्यांत कागदवाले सरस ठरले.

म्हणून ॲनिमेशन टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही. त्याला थांबे द्यावेत. चलित्राचाच पाठ घ्या. मी आधी टेबलावर खरं चलित्र फिरवते. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्तांनी घरोघरी पोचवलेलं ते साधं मॉडेल: एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि लाखेचा थर असलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकावरचा थर पूर्ण खरवडायचा, दुसऱ्या टोकावरचा फक्त अर्ध्या बाजूचा. वेटोळं गरगर फिरतं आणि मुलं उठून पुढे येतात. पण ते इतकं भरभर फिरतं की आत काय चाललंय ते डोळ्यांना पकडता येत नाही. स्लाइडचं काम इथे सुरू होतं. डोळ्यांना न दिसणारा वेग तिने संथ करून दाखवायचा.

स्लाइडवर पुस्तकातलं, दोन भागांच्या कड्याचं चलित्र: कुंतल आडवं, दोन्ही बाजूंवर बलाचे बाण. क्लिक. कुंतल पाव फेरी फिरून उभं राहतं आणि तिथेच थांबतं. आता मी बोलत नाही. ब्रश कड्याच्या दोन भागांमधल्या फटीसमोर आलेत, धारा बंद. मग कुंतल इथेच थांबेल का? प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं, मगच पुढची क्लिक. जडत्वामुळे ते पुढे जातं, कड्याचे अर्धे भाग ब्रशांची अदलाबदल करतात, आणि कुंतलाच्या प्रत्येक बाजूतली धारा उलटते. धारेचा बाण उलटताना त्याचा रंग बदलतो; त्या क्षणी स्लाइडवर दुसरं काहीही हलत नाही. मग विचारायचं, दुभंगलेल्या कड्याऐवजी कुंतलाच्या प्रत्येक टोकाला वेगळं अखंड कडं असतं तर? कुंतल मागेपुढे हेलकावत शेवटी थांबलं असतं, हे वर्गातलं कुणीतरी सांगतंच.

यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पॉवरपॉइंटमधली हालचाल ‘ऑन क्लिक’वर ठेवायची. ‘आफ्टर प्रिव्हियस’ लावलं की स्लाइड स्वतःच्या वेळेने धावते, आणि मधेच हात वर करणाऱ्या मुलाचा प्रश्न मागे पडतो. एकाच घटनेचे दोन भाग असतील, जसं कुंतल फिरणं आणि त्याबरोबर बाण वळणं, तर ‘विथ प्रिव्हियस’ योग्य. आणि पडद्यावर काही दाखवायचं नसेल तेव्हा तो काळाच करायचा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना ‘बी’ दाबलं की तसं होतं, पुन्हा दाबलं की चित्र परत येतं. मुलांनी शिक्षकाकडे किंवा एकमेकांकडे पाहायला हवं तेव्हा यासारखं साधन नाही.

भूमितीत हालचालीचा उपयोग वेगळा होतो. पायथागोरसच्या प्रमेयाच्या सिद्धतेत काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला की दोन लहान त्रिकोण होतात. तिन्ही त्रिकोण समरूप असतात, पण प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. मुलं नेमकी इथे अडतात, संगत शिरोबिंदूंचा क्रम चुकतो आणि गुणोत्तरं उलटसुलट होतात. मी लहान त्रिकोणाची प्रत उचलून बाजूला आणते, गरज पडली तर पालथी करते आणि मोठ्या त्रिकोणाशेजारी त्याच दिशेने ठेवते. ही एक हालचाल तोंडी स्पष्टीकरणापेक्षा जास्त सांगते, कारण मुलाला मनातल्या मनात जे करायचं असतं तेच पडद्यावर घडतं. त्यानंतर सिद्धतेची विधानं एकेक ओळीने, साध्या ‘ॲपिअर’ने येतात. ओळ आली की आकृतीतला तोच भाग ठळक होतो.

मजकूर उडवायचा नाही, फिरवायचा नाही, अक्षरागणिक आणायचा नाही. आपण शब्द एकसंध वाचतो. जोडाक्षर पुरं होण्याची वाट पाहणाऱ्या मुलाचं अर्थाकडे लक्ष राहत नाही. नद्यांची यादी, युद्धाची कारणं, व्याख्या यांत हलण्यासारखं काही नसतं. मात्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा बाण नकाशावर सह्याद्रीकडे सरकत गेला तर तो सरकण्याला कारण आहे.

झगमग करणारे प्रकाशाचे इफेक्ट अजिबात नकोत. जपानमध्ये डिसेंबर 1997 मध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये, असा वेबवरच्या मजकुरासाठीचा सुलभतेचा नियम आहे. वर्गातही तोच पाळावा.

एका स्लाइडवर वीस ॲनिमेशन रचण्यापेक्षा मी स्लाइडचीच नक्कल काढते आणि प्रत्येक नकलेत एकच बदल करते. पाठोपाठ दाखवल्या की चित्र हलल्यासारखं दिसतं. “बाई, ते मागचं पुन्हा दाखवा” असं कुणी म्हटलं की एक बटण दाबून मागे जाता येतं. नव्या पॉवरपॉइंटमधलं ‘मॉर्फ’ अशा दोन स्लाइड्सना अलगद जोडून देतं, पण शाळेतल्या जुन्या आवृत्तीवर ते नुसतं ‘फेड’ होतं. म्हणून घरी केलेलं काम आदल्या दिवशी शाळेच्या संगणकावर, शक्यतो त्याच प्रोजेक्टरवर, चालवून पाहावं. मागच्या बाकावरून बाणाचं टोक दिसतं का, तेही तेव्हाच कळतं.

नक्कल काढण्याचा आणखी एक फायदा गैरहजर मुलांना होतो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आपण स्लाइड्सची पीडीएफ पाठवतो, आणि पीडीएफमध्ये ॲनिमेशन उरत नाही. एकाच स्लाइडवर रचलेले बाण, उत्तरं, लेबलं सगळी एकावर एक छापली जातात आणि आजारी पडलेल्या मुलाच्या हाती एक गिचमीड येते. नकला असतील तर त्याला कुंतलाची प्रत्येक स्थिती वेगळ्या पानावर मिळते. मी उभ्या कुंतलाचं पान आणि त्यापुढचं पान यांच्यामध्ये एक कोरं पान घालते. त्यावर प्रश्न एवढाच लिहिते: कुंतल इथेच थांबेल का? उत्तर वहीत लिही, मग पान उलट.