शनिवार तेली आणि होदी

(बी. ए., भाग दोन)

परदेशात स्थायिक झालेला मराठी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला डॉक्टर किंवा इंजिनिअर उभा राहतो. परंतु गिरणीत काम करणारे, पाळीवरून थकून घरी येणारे आणि घरात मराठी बोलणारे लोकही परदेशात राहत आले आहेत. इस्रायलमधील बेने इस्रायल समाज हा त्यांपैकीच एक. या समाजाच्या रोजच्या जगण्याचा थोडक्यात परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातील यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी पूर्वजांचे गलबत फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत हे लोक तेलाचा घाणा चालवीत. धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. पेणकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. भाषा मराठी, पेहराव मराठी. वेगळेपण एवढेच, की सारे गाव कामाला लागले असता यांच्या घरी सुट्टी. त्यांचा छळ कोणी केला नाही, पण निराळे म्हणून ओळख मात्र कायम राहिली.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. जेथे शनिवारी सारा देशच विसावा घेतो, तेथे आपण निराळे ठरणार नाही, या आशेने अनेक कुटुंबे मुंबई सोडून निघाली. त्यांतील बऱ्याच जणांच्या वाट्याला दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशी गावे आली. दिमोना हे तर नेगेवच्या वाळवंटात १९५५ साली वसविलेले गाव. समुद्र, नारळ आणि चार महिन्यांचा पाऊस यांत वाढलेली माणसे कोरड्या रखरखीत भूमीत येऊन पडली. मुंबईत कारकुनी केलेल्या काहींना तेथे अंगमेहनतीचे काम पत्करावे लागले.

पहिली अडचण भाषेची. प्रार्थनेतली हिब्रू कानावर होती. पण प्रार्थनेची भाषा वेगळी आणि दुकानात मीठ मागण्याची भाषा वेगळी. लिपीही उजवीकडून डावीकडे जाणारी. अशा वेळी सर्वत्र घडते तेच येथेही घडले. मुले शाळेत भराभर शिकली, आईबाप मागे राहिले आणि घरी आलेला सरकारी कागद मुलाने वाचून दाखवायचा अशी पाळी आली. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कॉलेजात येणारे आपण पहिलेच आहोत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी अडचण याहून कठीण होती. येथे त्यांना सर्वजण 'होदी' म्हणू लागले. होदी म्हणजे हिंदी, भारतातला. त्या काळी देशात रेशनिंग होते. वर्णामुळे आम्हाला काळा पाव घ्यायला सांगतात, अशीही तक्रार पुढे आली. कामधंदा आणि घरे देताना दुजाभाव होतो म्हणून काहींनी १९५१ साली तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला परत भारतात पाठवा, अशी मागणी केली. काही कुटुंबे परत आलीही. पण पुढे त्यांतील अनेकांनी पुन्हा इस्रायलचाच रस्ता धरला. इकडे मन रमेना, तिकडे मान मिळेना.

पुढे प्रश्न विवाहाचा निघाला. इस्रायलमध्ये यहुद्यांचे विवाह धर्मपीठामार्फत नोंदले जातात. शेकडो वर्षे इतरांपासून तुटून राहिलेल्या या लोकांनी विवाह-घटस्फोटाचे धर्मनियम नीट पाळले असतील काय, अशी शंका घेऊन १९६२ मध्ये त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश निघाला. ज्यांनी धर्मासाठी घाणा बंद ठेवला, त्यांच्याच धर्माचा दाखला मागितला गेला! समाज रस्त्यावर आला. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असे जाहीर केले, आणि धर्मपीठालाही आदेशातील त्यांचा खास उल्लेख काढून टाकावा लागला.

या काळात घर सावरले ते लहानसहान गोष्टींनी. शुभकार्यात एलियाहू पैगंबराच्या नावाने 'मलिदा' करतात. त्यात पोहे, साखर, खोबरे आणि फळे असतात. लग्नाआधी मेंदी असते. मांसाबरोबर दूध धर्माला चालत नाही, म्हणून कालवणात नारळाचे दूध. नववर्षाला चिकाचा हलवा. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघाले. क्रिकेट ठाऊक नसलेल्या त्या देशात या मंडळींनी क्रिकेटचे संघ उभे केले.

या सर्वांतून एक गोष्ट ध्यानात येते. तोच माणूस कोकणात यहुदी म्हणून निराळा ठरला आणि इस्रायलमध्ये हिंदी म्हणून. तो बदलला नव्हता, बदलले होते ते शेजारी. परकेपणा हा येणाऱ्याच्या अंगचा गुण नसून, पुष्कळदा आधीपासून राहणाऱ्यांच्या नजरेचा असतो.

हे समजण्यासाठी नेगेवपर्यंत जायला नको. धारणी-चिखलदऱ्याकडून घाट उतरून आलेली मुले आपल्याच वर्गात बसतात. घरी कोरकू, बाजारात वऱ्हाडी आणि उत्तरपत्रिकेत पुस्तकी मराठी, अशा तीन भाषांतून त्यांचा दिवस जातो. मधल्या सुट्टीत त्यांच्या उच्चारांची नक्कल होते. ती मीही केली आहे. हा लेख लिहिताना त्याची लाज वाटली, म्हणून येथे नमूद करतो. परतवाडा त्यांच्यासाठी दिमोना ठरू नये, हे आपल्या हाती आहे.