भट्टीची रजई

ग्वाल्हेरच्या थंडीत आपण रजई पांघरतो. रजई स्वतः ऊब निर्माण करीत नाही. अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम. कारखान्यातील भट्टीलाही अशीच रजई लागते. परंतु दोन हजार अंश सेल्सिअसपुढे कोणता कापूस टिकणार? लोखंडच मुळी १५३८ अंशांवर वितळते!

यावरील उपाय आम्ही वर्गात सांगतो, तेव्हा मुले हसतात : तंतूचा कोळसा करावा! कापूस काय, रेयॉन काय, दोहोंचे मूळ द्रव्य सेल्युलोज. हवा लागू न देता ते सावकाश तापविले, म्हणजे त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन बहुतांशी वाफेच्या रूपाने निघून जातात आणि तंतूचा आकार राखून कर्ब मागे उरतो. एडिसनने १८७९ साली सुती दोऱ्याचा असाच कर्ब करून विजेचा दिवा लावला होता.

रेयॉन तर आपल्या ओळखीचे. १९४७ साली ग्वाल्हेर रेयॉन कंपनी स्थापन झाली व १९५४ साली तिने नागदा येथे व्हिस्कोस तंतू काढण्यास आरंभ केला. तीच पुढे ग्रासिम झाली. व्हिस्कोस जातीच्याच तंतूंपासून भट्टीसाठी कर्बाचा नमदा करतात. आखूड तंतू राळेने सांधून पुन्हा तापविले की ताठ फळ्या तयार होतात.

अशा फळीचा लिटरभर आकाराचा तुकडा साधारण दीडदोनशे ग्रॅम भरतो. तेवढीच भट्टीची वीट दोन किलोंच्या आसपास. तंतू एकमेकांस जेमतेम टेकतात, म्हणून उष्णतेला वाट अरुंद. आणि थरांवर थर असल्यामुळे किरणेही अडतात. वजन थोडे, म्हणून अस्तर स्वतः उष्णता थोडीच पिते. भट्टी लवकर तापते, लवकर निवते व वीज वाचते. हत्यारी पोलाद कडक करणाऱ्या निर्वात भट्ट्यांत आणि सिलिकॉनचे स्फटिक वाढविणाऱ्या भट्ट्यांत हीच रजई असते.

मात्र एक पथ्य कडक आहे. निर्वातात किंवा आर्गॉन वायूत दोन हजार अंश सोसणारा हा कर्ब, हवा लागताच चारपाचशे अंशांवर झिजू लागतो. अखेर तो कोळसाच! उघड्या भट्टीत तेथे विटा किंवा सिरॅमिक तंतूच हवेत. तापलेली निर्वात भट्टी घाईने उघडणे म्हणजे महागडे अस्तर जाळणे होय.

आपल्या घरांतील जी मुले कारखान्यांत शिकावयास जातात, त्यांनी एवढे गाठीशी बांधावे : भट्टी किती अंशांची, हे विचारण्याआधी तिच्यात हवा आहे की नाही, हे विचारावे.