तेरा वसाहतींचे एक राष्ट्र

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा चालू असताना बॉस्टन बंदरातील चहाचा प्रसंग आला, की एखादा चौकस विद्यार्थी आम्हांस हमखास विचारतो, "सर, चहा तर स्वस्त झाला होता ना? मग लोक चिडले का?" प्रश्न मार्मिक आहे. त्याचे उत्तर नीट ध्यानात आले म्हणजे पुढील बराचसा इतिहास आपोआप उलगडतो. म्हणून आपण आरंभ तेथूनच करू.

अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर, १६०७ च्या जेम्सटाऊनपासून १७३३ च्या जॉर्जियापर्यंत, इंग्रजांच्या अंमलाखाली तेरा वसाहती उभ्या राहिल्या. प्रत्येकीचे आपापले विधिमंडळ होते आणि कर बसवावयाचे ते त्या मंडळानेच, असा परिपाठ पडला होता. सप्तवार्षिक युद्धात (१७५६-६३) इंग्लंडने फ्रेंचांना नमविले खरे, पण त्यापायी राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. तेव्हा अमेरिकेत ठेवलेल्या सैन्याचा खर्च काही अंशी तरी वसाहतींनी सोसावा, असे लंडनच्या मंत्र्यांना वाटू लागले. यात मोठेसे वावगे काय, असे कोणी म्हणेल. परंतु १७६५ साली पार्लमेंटने मुद्रांक कायदा करून दस्तऐवज, वर्तमानपत्रे, फार काय, पत्त्यांचे जोडसुद्धा कराखाली आणले, तेव्हा वसाहतींतून एकच सवाल उठला: ज्या सभेत आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्या खिशात हात घालण्याचा अधिकार कोणी दिला? वर्षभरात तो कायदा मागे घ्यावा लागला. १७६७ साली बसविलेले नवे करही १७७० मध्ये रद्द झाले; चहावरचा मात्र ठेवण्यात आला. कर बसविण्याचा आपला हक्क अबाधित आहे, एवढे दाखविणे हाच त्यातला मुख्य हेतू होता.

आणि येथे आपल्या देशाचा संबंध येतो. हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. माल चीनमधला, पण कंपनी तीच, जिने बंगाल गिळले होते. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर तिचा कारभार डबघाईस आला होता आणि लंडनच्या वखारींत चहा पडून होता. तिला सावरण्यासाठी १७७३ साली कायदा झाला, तो असा की कंपनीने आपल्या निवडक अडत्यांमार्फत चहा थेट वसाहतींत विकावा. त्यामुळे पौंडामागे तीन पेन्सचा कर भरूनही तो चोरट्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता. स्वस्ताईच्या मोहाने लोक एकदा तो चहा प्याले, की कर देण्याची संमती आपोआप मिळाली! शिवाय स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार, तो वेगळाच. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री रेड इंडियनांचा वेष घेतलेल्या नागरिकांनी तीन जहाजांवरील ३४२ पेट्या समुद्रात रित्या केल्या. सरकारने बॉस्टन बंदरच बंद केले. एका गावाची शिक्षा पाहून इतर वसाहती जाग्या झाल्या. १७७४ च्या सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र जमले.

तरीही तोपर्यंत बहुतेकांना स्वातंत्र्य नको होते. राजाने न्याय द्यावा, इतकेच मागणे होते. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन येथे गोळी झडली, आणि १७७६ च्या जानेवारीत टॉमस पेन याच्या छोट्या पुस्तिकेने राजनिष्ठेचा उरलासुरला धागाही तोडला. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. सर्व माणसे समान आहेत असे तो सांगतो. जेफर्सनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेद होता. दक्षिणेकडील प्रतिनिधींच्या आग्रहास्तव तो गाळण्यात आला. खुद्द जेफर्सनच्या मळ्यावरही गुलाम राबत होते. हा विसंवाद आपण झाकून ठेवू नये.

युद्धाचा वृत्तान्त पाठ्यपुस्तकात आहेच. १७७७ साली साराटोगा येथे इंग्रजी फौज शरण आली, दुसऱ्या वर्षी फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूने उतरले, आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिसने शस्त्रे खाली ठेवली. याच सुमारास इंग्रज मराठ्यांशीही झुंजत होते. १७७९ साली वडगाव येथे त्यांना मानहानीचा करार करावा लागला होता. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास आला, आणि १७९२ साली मराठे व निजाम यांना बरोबर घेऊन त्याने टिपूला तहास भाग पाडले. अमेरिकेत हरलेला सेनापती येथे विजयी ठरला!

१७८३ च्या पॅरिसच्या तहाने स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झाले. परंतु राष्ट्र अद्याप झाले नव्हते. होता तो केवळ तेरा राज्यांचा सैल संघ. त्याच्या मध्यवर्ती सभेला कर बसविता येत नव्हता. राज्यांकडे पैसे मागावे आणि वाट पाहावी! मूळ करारात बदल करावयाचा तर तेराही राज्यांची संमती हवी. १७८६ साली मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या नेतृत्वाखाली बंड करून उठले, तेव्हा ते मोडण्यास मध्यवर्ती सभेजवळ ना फौज होती ना पैसा. पार्लमेंटच्या जुलमास भिऊन ज्यांनी सत्ता इतकी दुबळी ठेवली, त्यांनाच आता ती सबळ करणे भाग पडले. आमच्या मते हे काम युद्धाहून अवघड होते.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात दारे-खिडक्या बंद करून घटनासमिती बसली. मोठी राज्ये म्हणत, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. लहान म्हणत, सर्वांना सारख्या. अखेर दोन सभागृहांची तोड निघाली: एकात लोकसंख्येप्रमाणे, दुसऱ्यात प्रत्येक राज्याचे दोन. मात्र लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब ठरला. त्या गुलामांना मत नव्हते. त्यांच्या संख्येवर धन्यांचे बळ तेवढे वाढले. ही गुलामगिरी नष्ट होण्यास १८६५ साल उजाडावे लागले, आणि तेही यादवी युद्धानंतर.

घटना अमलात येण्यास नऊ राज्यांची मान्यता पुरेशी होती. ती २१ जून १७८८ रोजी पुरी झाली. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली. ऱ्होड आयलंड या सर्वांत लहान राज्याने घटनासमितीस एकही प्रतिनिधी पाठविला नव्हता. ते संघात सामील झाले २९ मे १७९० रोजी, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.