शिफ्टची नोकरी आणि बालकाचे शिकणे

पिंपरी, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांत शिफ्ट सतत बदलत राहिल्याने तेथील कामगार कुटुंबांत पालक आणि बालक एकाच वेळी जागे असण्याचे तास मुळात थोडे असतात, आणि तेही पुष्कळदा मोबाईलवरील बालगीतांच्या स्वाधीन केले जातात. बालविकासाच्या दृष्टीने हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकास पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या बालकास दिवसाला एका तासाहून अधिक दाखवू नये. बालकाची भाषा वाढते ती प्रतिसादी संवादातून, म्हणजे बालकाने बोट दाखवावे किंवा हुंकार द्यावा, मोठ्याने त्यावर बोलावे आणि मग बालकाच्या उत्तरासाठी थांबावे, अशा देवघेवीतून. यातील थांबणे तेवढे बहुतेक घरांत राहून जाते.

त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. मेथी निवडताना पाने खुडण्याचे काम बालकाकडे दिल्यास बोटांची चिमटीची पकड सुधारते, तर धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावताना वर्गीकरण, म्हणजे सारखेपणा ओळखून गट पाडणे, आपोआप साधते. वाटाणे सोलण्याचे काम मात्र नजरेखालीच द्यावे, कारण वाटाणा किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकून जीव धोक्यात येऊ शकतो. रात्रपाळी करून आलेल्या पालकाने झोप मोडून खेळावे ही अपेक्षा अनाठायी आहे; झोप झाल्यावर बालकास आंघोळ घालताना केलेल्या गप्पाही उपयोगी पडतात. महागडी ‘शैक्षणिक’ खेळणी यासाठी आवश्यक नाहीत, हे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभलेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे वाढवलेल्या बालशिक्षणाच्या कामातून, परिसरातील पाने, बिया आणि शिंपले हीच साधने करून, केव्हाच दिसून आले आहे. मराठवाड्यातून वा उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांनी घरची बोली टाकून तोडक्यामोडक्या इंग्रजीचा अट्टहास करण्याचेही कारण नाही.

दोन वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून न बोलणाऱ्या बालकाची, तसेच कोणत्याही वयात हाकेला न वळणाऱ्या बालकाची, श्रवणक्षमता विनाविलंब तपासून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी करतात. ‘बापही उशिराच बोलला होता’ या घरगुती समजुतीवर विसंबून पालकांनी ती चुकवू नये.