परतीच्या रस्त्यासाठी हवा

अगं, अंतूर किल्ल्याला गाडी घेऊन जायचं तुझं पक्कं झालं म्हणे. आईच्या कानावर अजून घातलेलं नाही, घालणारही नाही, तू निर्धास्त राहा. पण जाण्याआधी माझं थोडं ऐकून घे. आईला कळलं तर तिला काळजी वाटेल ती नागापूरच्या पुढच्या कच्च्या वाटेची, जंगलाची, दगडांची. मला त्या वाटेची फारशी वाटत नाही. तिथे गाडी दहा-पंधराच्या वेगाने रांगते. फार तर अडकेल, दोघं-चौघं मिळून काढाल. मला काळजी आहे ती तुमच्या परतीच्या, चांगल्या रस्त्याची.

बरोबर येणाऱ्या ग्रुपमधल्या मुलांनी सांगितलंय ना, दगडांवर चढण्याआधी चारही टायरांची हवा कमी करायची म्हणून? बरोबर सांगितलंय. हवा कमी झाली की टायर जमिनीवर जास्त लांब टेकतो, दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो, पकड वाढते आणि हादरेही कमी बसतात. मुरूम आणि दगडगोट्यांच्या वाटेवर २२ ते २५ पॉइंट, म्हणजे पीएसआय, पुष्कळ झाले. भुसभुशीत वाळूत लोक १८ पर्यंत उतरतात. १५ च्या खाली मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नकोस. वळताना टायर रिमवरून निसटतो आणि मग भर जंगलात तो परत बसवणं सोपं नसतं.

हे सगळं ठीक. पण हवा सोडायला एक काडीसुद्धा पुरते, भरायला यंत्र लागतं. ‘परत भरणार कुठे?’ असं विचारलं तर तू म्हणालीस, ‘कन्नडला भरू की ताई, पंपावर.’ माझा जीव तिथेच अडकलाय.

कमी हवेचा टायर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खाली दबतो आणि वर आला की पुन्हा सरळ होतो. तार सारखी वाकवत राहिलं की ती हाताला चटका देण्याइतकी तापते, तसंच टायरच्या बाजूच्या भिंतीचं होतं. तुझ्या गाडीचं चाक ताशी १२० च्या वेगाला मिनिटाला आठशेच्या वर फेरे मारतं. म्हणजे मिनिटाला आठशे वेळा ती भिंत वाकणार. आत रबर आणि दोऱ्यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते उष्णतेने सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. गाडी जरा जड चालतेय एवढंच जाणवतं, आणि एकदम टायर फुटतो. कच्च्या वाटेवर २२ पॉइंटने काहीच बिघडत नाही, कारण वेगच नसतो. तोच टायर डांबरीवर ऐंशी-नव्वदला नेला की धोका सुरू होतो. कन्नडच्या पुढे तर चौपदरी रस्ता आहे, पाय आपोआप दाबला जातो.

उद्या तू लोणारला किंवा नागपूरकडे जाशील, तेव्हा माळीवाड्याहून नाहीतर सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढशील. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या यायला लागल्या. मग आरटीओच्या लोकांनी चढायच्या जागी गाड्या थांबवून टायर तपासायला घेतले. ५ जून २०२५ पासून तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला, सलग ७०१ किलोमीटर. सरळसोट काँक्रीट, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन आणि १२० चा वेग. अशा रस्त्यावर अर्धवट हवेने चढणं म्हणजे काय, हे तुला फोड करून सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कच्ची वाट संपते आणि डांबरी सुरू होते त्याच जागी हवा भरली गेली पाहिजे. गावात पोचल्यावर नव्हे. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी असा नियम आहे, पण पंपावरचं यंत्र चालू असेल, वीज असेल, भरणारा माणूस जागेवर असेल, यावर आपला जीव टांगायचा नाही. आणि बाई म्हणून आणखी एक सांगते, जे मी आईसमोर बोलणार नाही. दिवस मावळल्यावर अनोळखी फाट्यावर गाडी उभी करून कुणीतरी मदतीला येईल म्हणून वाट बघत बसणं मला तुझ्या नशिबी नको आहे. हवा भरायची सोय स्वतःच्या गाडीत असली की तो प्रसंगच येत नाही.

आता कुठला कॉम्प्रेसर घ्यायचा? कंपनीचं नाव मी सांगणार नाही. नावं दर दिवाळीला बदलतात, आणि एकाच कारखान्यातली वस्तू चार नावांनी विकली जाते. खोक्यावरचं काय वाचायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, ते सांगते.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘१५० पीएसआय’ लिहिलेलं असतं. त्याकडे बघूच नकोस. तुला भरायची आहे ३५ च्या आसपास, दीडशेचं काय करायचं? बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा देतो हे. तुझा टायर २४५/७५ आर १६ आहे, त्याच्या पोटात साधारण ७० लिटर जागा असते. २० वरून ३५ वर न्यायचं म्हणजे १५ पॉइंट चढवायचे, आणि १५ पॉइंट म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेचा जेवढा दाब असतो तेवढाच. म्हणून हिशोब सोपा होतो. एका टायरात आणखी ७० लिटर बाहेरची हवा कोंबायची. चारही टायरांना मिळून २८० लिटर. मिनिटाला ३० लिटरवाला कॉम्प्रेसर कागदावर नऊ-दहा मिनिटांत हे काम करेल. प्रत्यक्षात नाही करत. कारण खोक्यावरचे लिटर नळी मोकळी असतानाचे असतात. समोर टायरचा दाब आला की यंत्राची हवा देण्याची ताकद घटते. त्यामुळे वीसेक मिनिटं धर, आणि मध्ये यंत्र तापून बंद पडलं तर त्याच्या विश्रांतीची वेळ वेगळी. ७० लिटरच्या आसपासचा असेल तर हेच काम सात-आठ मिनिटांत होतं. दुकानदाराला सरळ विचार, ‘तीस पॉइंटला किती लिटर देतो?’ उत्तर खोक्यावर किंवा आतल्या पत्रकात छापलेलं असेल तर ती वस्तू बनवणाऱ्याने निदान मोजमाप केलंय.

विश्रांतीचं म्हणाले, ते नीट समजून घे. प्रत्येक यंत्राला एका दमात किती मिनिटं चालवायचं आणि मग किती थांबायचं, हे ठरलेलं असतं. स्वस्तातले दहा मिनिटांत दमतात आणि मग तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ थांबा म्हणतात. हे आकडे थंड हवेतले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे, वर तापलेलं बॉनेट शेजारी. तिथे ती मिनिटं आणखी कमी होतात. म्हणून बाहेरचं आवरण आणि सिलिंडर धातूचे असलेलेच बघ, धातू उष्णता बाहेर टाकतो. तापल्यावर यंत्र आपोआप बंद होण्याची सोय हवीच हवी, नाहीतर मोटर जळते.

वीज कुठून घ्यायची हा पुढचा प्रश्न. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे कॉम्प्रेसर दोन-तीन हजारांत मिळतात आणि वापरायला सोपे वाटतात. पण त्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे १२० ते १८० वॉट. त्याहून मोठं यंत्र लावलंस की फ्यूज उडाला. तुझ्या टायरांना पुरेल असं यंत्र त्याहून जास्त करंट ओढतं, म्हणून ते थेट बॅटरीला चिमटे लावून चालवायचं असतं. तोच प्रकार घे. पैसे जास्त जातील, पण निम्म्या किमतीचं घेऊन पुन्हा दुसरं घ्यावं लागलं तर ते महागच पडतं. चार्ज करून वापरायचे हातातले छोटे पंप येतात ना, ते शहरात, स्कूटीला, नाहीतर रोजच्या गाडीत दोन-तीन पॉइंट कमी झाले तर उत्तम. तुझे चार मोठे टायर २० पासून ३५ पर्यंत न्यायला त्यांची बॅटरी पुरेल याचा भरवसा नाही. शिवाय मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत लिथियमची बॅटरी ठेवणं मला मुळीच पसंत नाही.

बऱ्याच नव्या गाड्यांत कंपनीच एक चिमुकला कॉम्प्रेसर देते. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असला तर ट्यूबलेस टायरच्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल, अशी सूट २०२० मध्ये मिळाली, तेव्हापासून हे जास्त दिसतं. तो पंक्चर झालेल्या एका टायरात गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती हवा भरायला आहे. त्याच्या जोरावर चार टायर रिकामे करू नयेत.

नळीकडे लोक बघतच नाहीत. यंत्र बॉनेटजवळ राहणार, म्हणजे नळी मागच्या चाकापर्यंत आणि मागच्या दारावरच्या स्टेपनीपर्यंत पोचायला हवी. दुकानातच ओढून बघ. टोकाला पितळी, आट्यांवर फिरवून बसवायचं तोंड असेल तर हवा निसटत नाही, पण भरून झाल्यावर ते भयंकर तापलेलं असतं. गाडीत जुना नॅपकिन ठेव. यंत्र चालू असताना त्याच्यावरचा काटा खरा आकडा सांगत नाही, तो नळीतला दाब दाखवतो. थांबवून मग वाच. आणि खरं सांगू का, दोन-चारशे रुपयांचा वेगळा गेज घेऊन डिकीत टाकच.

घ्यायच्या आधी माझी एक अट. दुकानदाराला सांग, माझी गाडी बाहेर उभी आहे, एका टायरची हवा २० वर आणते, तुम्ही ३५ पर्यंत भरून दाखवा. मोबाइलवर वेळ लाव. दोन-अडीच मिनिटांत भरलं तर तुझं काम झालं. ‘बाई, तुम्हाला त्यातलं काय कळतं’ असा चेहरा कुणी केला तर शांतपणे दुसऱ्या दुकानात जा, शहरात दुकानांची कमी नाही.

वापरताना इंजिन चालू ठेव, नाहीतर कॉम्प्रेसरने बॅटरी खाल्ली आणि गाडीच सुरू होईना अशी गत व्हायची. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक घट्ट. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला. यंत्र मातीत ठेवू नकोस. आपल्याकडची धूळ पिठासारखी बारीक, ती आत गेली की सिलिंडर घासतो. खाली सतरंजीचा तुकडा टाक, आणि हवा आत ओढायच्या जाळीतला फिल्टर मधूनमधून धुऊन वाळव. चालून आलेला टायर गरम असतो, त्यामुळे काटा तीन-चार पॉइंट जास्त दाखवेल. म्हणून दारालगतच्या खांबावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन पॉइंट जास्तच भर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, नीट करून घे. नायट्रोजन भरलेल्या टायरात साधी हवा गेली तर काय, अशी शंका मनात असेल तर काढून टाक. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, काही होत नाही.

पावसाळ्यात शेतातल्या पाणंदीने जायचं ठरलं तर मात्र मला आधी विचार. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा लिंपून टाकते, मग हवा कमी करूनही पकड येत नाही. शेतकऱ्याची वाट आपण गाडीने उखडायची आणि त्याने बैलगाडी कुठून न्यायची? तिथे जाऊच नये. आणि अंतूरची वाट गौताळा अभयारण्यातली आहे. ठरलेली वाट सोडून चाक बाजूला घालायचं नाही, मुलं कितीही म्हणोत.

तुम्ही रविवारी निघाल, त्याआधी एखाद्या संध्याकाळी ये, मी दुकानात बरोबर येते. तोवर नाहीच जमलं, तर या खेपेला टायरांच्या हवेला हात लावू नकोस; वाट खराब होईल तिथे गाडी बाजूला लावा आणि पुढे किल्ल्यापर्यंत पायी जा.