अक्काचं ताट

शेगाव

चि. निखिल,

चिखलीच्या मावशीचा फोन आला. म्हणे, निखिलनं खोपोलीच्या इमॅजिका पार्कचं दोन रात्रींचं पॅकेज घेतलं, तिन्ही वेळच्या खाण्यासकट, आणि तेही हप्त्यावर. हप्त्याचं खरं-खोटं तुलाच माहीत. मला धसका बसला तो खाण्याचा. अरे, तुझ्या मायची, आपल्या अक्काची साखर विसरलास काय?

हॉटेलवाले सीपी म्हणतात ते खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे त्यात एक जेवण आणखी, आणि एपी म्हणजे तिन्ही वेळचं. तू एपी घेऊन बसलास. दिवसभर तुम्ही पार्कात. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. मग हॉटेलातलं दुपारचं जेवण जेवणार कोण? पोरांना रांगेतून ओढून आणशील, नाहीतर आत पुन्हा पैसे मोजशील. पार्कातलं जेवण पॅकेजात धरलंय का, एवढं तरी विचारलंस?

अमेरिकेत तरी वेगळं काय आहे? फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डनं कोरोनात बंद केलेला असाच प्लॅन २०२४ च्या जानेवारीत पुन्हा सुरू केला. मुक्कामाच्या रात्रींप्रमाणे जेवणं मोजून मिळतात. उरलेली खोली सोडायच्या दिवशी मध्यरात्री बाद. दाबून खाणाऱ्याला परवडत असेल. आपली अक्का अर्धी पोळी खाते! बरं, पैसे वाया गेले तर जाऊ दे. ती ते जाऊ देणार नाही, हीच भीती. भरलेत म्हटल्यावर गुलाबजामसुद्धा सोडायची नाही.

नोकरी लागल्यावर मी तुझ्या आजीला माथेरानला नेलं होतं. लॉजचं जेवण आधीच भरलेलं. ती एका पॉइंटवर ढग बघत बसली होती, आणि मी पंगत चुकेल म्हणून तिला उठवलं. काय जेवलो ते आता आठवतही नाही. पुढं तिला कुठं नेणं झालंच नाही.

म्हणून सांगतो, दुपारचं जेवण काढून टाक. नाश्ता मात्र राहू दे. अक्काची गोळी वेळेवर होईल. रात्रीचंही राहू दे, दमल्यावर खोपोलीत कुठं जेवण शोधत फिरशील?

रागाच्या भरात बोललो. पण आपल्या घरात मायला घेऊन अशी हौस करणारा तूच पहिला. आमची धाव इथल्या आनंदसागरच्या झुकझुकगाडीपर्यंत असायची. संस्थानात महाप्रसाद, बाहेर कचोरी, आधी पैसे भरायचा सवालच नव्हता.

एजंटाला आजच फोन कर, एपीचं एमएपी होतं का विचार. काही पैसे कापले तर मी देतो. अक्काला सांगू नको. विदर्भ एक्सप्रेसला तिला खालचा बर्थ बघ. कल्याणहून खोपोली लोकल आहे, पण गर्दी असली तर सरळ गाडी कर, तेही माझ्याकडं लागलं. तिच्या पिशवीत ग्लुकोज किंवा साखर आणि बिस्किटं असू दे, प्रवासात साखर उतरली तर लागतील. आणि ती पाळण्यात बसते म्हणाली तर उगाच अडवू नको. जत्रेत मी भ्यायचो तेव्हा मला मांडीवर घेऊन तीच बसायची.

तुझा,
मामा