"गाणं बराबर वाजून नाही राह्यलं": आधी तपासा, मग विका



मोर्शीत दुकानावर ही तक्रार नेहमी येते: "भाऊ, पिक्चर जोरदार वाजते, पण गाणं बराबर वाजून नाही राह्यलं." अशा वेळी आपला हात लगेच नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्याकडे जातो. माझाही गेला होता. पहिल्याच वर्षी एका काकांना नवीन मशीन विकलं. घरी जोडलं, तरी तक्रार तीच. शेवटी सापडलं काय, तर एका स्पीकरची वायर उलटी! मी पैसे परत केले, पण पुढचा टीव्ही काकांनी दुसऱ्या दुकानातून घेतला.

म्हणून आधी हे समजून घ्या. पिक्चरचा आवाज ५.१ असतो, म्हणजे ५ स्पीकर आणि १ सबवूफर. गाणी मात्र बहुतेक स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा असे २ चॅनेल. ग्राहकाच्या घरी या क्रमानं तपासा.

१. मोड: गाण्यासाठी 'स्टिरिओ' निवडा. 'हॉल', 'स्टेडियम' अशा मोडमध्ये मागचे स्पीकरही वाजतात आणि गायकाचा आवाज पसरतो.

२. वायर: मशीन बंद करा. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरला सारखंच. एक उलटा असला तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. बेस गायब होतो.

३. जागा: दोन स्पीकर आणि ऐकणारा, असा समान बाजूंचा त्रिकोण करा. स्पीकर एकमेकांपासून ८ फुटांवर, तर बसायची जागाही प्रत्येक स्पीकरपासून ८ फूट. उंची कानाएवढी. शोकेसमध्ये कोंबलेले असतील तर बाहेर काढा.

४. सबवूफर: कोपऱ्यात बेस घुमतो. तिथून हलवा, लेव्हल कमी करा. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. पुढचे स्पीकर अगदी लहान असतील तर थोडा वर न्या.

५. खोली: गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंतींवरून आवाज परततो. सतरंजी आणि जाड पडदे लावून पाहा. खर्च जवळपास शून्य.

६. गाणं: ब्लूटूथऐवजी वायर किंवा पेनड्राइव्ह लावा. अ‍ॅपमध्ये क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा.

आता परीक्षा. १९५३ च्या 'श्यामची आई'मधलं एखादं गाणं लावा, पण रिमिक्स नको. त्या काळचं रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज. गाणं मधल्या रिकाम्या जागेतून आल्यासारखं वाटलं, तर जोडणी बरोबर. एका बाजूला झुकलं, तर बॅलन्स आणि जागा पुन्हा पाहा. नुसतं पसरट, पोकळ वाटलं, तर वायर तपासा.

आता धंद्याचं. ही सेवा फुकट करू नका. समजा भेटीची फी ३०० रुपये ठेवली आणि आठवड्यात ४ भेटी झाल्या, तर १,२०० रुपये, तेही माल न भरता. फी जायच्या आधीच सांगा, काय बदललं ते बिलावर लिहून द्या. एवढं करूनही आवाज कमीच पडला, तर नवीन मशीन सुचवा. आता ग्राहक तुमचं ऐकेल, कारण आधी तुम्ही त्याचा खर्च वाचवायला पाहिलं.

गृहपाठ: विकायला निघण्याआधी स्वतःच्या घरी हे ६ मुद्दे करून पाहा. एक वायर मुद्दाम उलटी लावून गाणं ऐका. तो आवाज कानात बसला, की ग्राहकाच्या दारातच दोष ओळखाल.